रिकामा ठेवलेला शेरा

सोमवार, ६ ऑक्टोबर. स्वच्छ ऊन. वन्संना सव्वासातला उठवले. चहा अर्धाच घेतला. साडेसातला नेहमीप्रमाणे उजवा तळवा कानावर, आठला खाली. दहाच्या टपालात वन्संच्या जुन्या ऑफिसातल्या टाइपवालीच्या भाचीचे पत्र. मावशी वृद्धाश्रमात आहे, डोळे गेले, वन्संना एकदा भेटायचे म्हणते. वन्संना वाचून दाखवले. म्हणाल्या, "फाड." फाडले नाही.

चौसष्ट वर्षं मी रोज डायरी लिहिते आहे. कॉन्व्हेंटमधल्या आमच्या सिस्टरनी सांगितलं होतं, मुलींनो, घडलं ते लिहा, वाटलं ते प्रार्थनेसाठी ठेवा. त्यामुळे माझ्या डायऱ्या वाचायला फार कंटाळवाण्या आहेत. दूध किती आलं, कोण आलं, कोण गेलं, कुणाला ताप होता. पण वन्संबद्दल लिहायचं तर या डायऱ्यांवाचून मला लिहिता येणार नाही. त्यांचं आयुष्य एका पानावरून दुसऱ्या वळणाला गेलं, आणि ते पान माझ्या अक्षरातलं आहे.

वन्सं म्हणजे माझ्या यजमानांची थोरली बहीण. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. लग्न केलं नाही. "वेळच मिळाला नाही," असं सांगायच्या, जणू लग्न म्हणजे दाढ काढून घ्यायचं राहून गेलेलं काम. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या याच घरात होत्या, रस्त्याकडच्या खोलीत, आणि आजही तिथेच आहेत. त्यांचे वडील सरहद्दीवरच्या एका छोट्या स्टेशनात स्टेशनमास्तर होते. लहानपणी वन्संचं खेळणं पलीकडच्या मुलांबरोबर. त्यामुळे पलीकडची भाषा त्यांना कुणी शिकवली नाही, ती लागली, जसा खोकला लागतो तशी. भाऊ लहान होता, त्याला ती आली नाही.

युद्ध सुरू झालं तेव्हा वन्संना सरकारी नोकरी मिळाली ती या भाषेपायी. रंगाच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर ऑफिस होतं. दारावर पाटी 'भाषांतर कचेरी'. शेजाऱ्यांना सांगायचं, टायपिंगचं काम. खरं काम ऐकण्याचं. खिडक्यांना आवाज अडवायला बनातीचं जाड कापड ठोकलेलं, तीन टेबलं, प्रत्येकावर एक रेडिओ आणि हेडफोनचे दोन जोड. एक बाई ऐकून लिहायची, दुसरी ऐकत टाइप करायची. पलीकडचं रेडिओ स्टेशन जे बोलेल ते सगळं. वन्संच्या केसांत मधोमध हेडफोनच्या पट्टीची खाच पडली होती. न्हायल्यावरसुद्धा जायची नाही. "माझा भांग सरकारी आहे," म्हणायच्या.

तिथल्या फॉर्मला तीन रकाने होते. वेळ, मजकूर आणि शेरा. मजकुरात फक्त कानावर पडलेले शब्द. शेऱ्यात बाकीचं सगळं: निवेदकाचा घसा बसलेला, कागद उलटल्याचा आवाज, मागे रेल्वेची शिट्टी. मजकूर भाषांतर होऊन खात्यात फिरायचा. शेरा मात्र फक्त चौथ्या मजल्यावर जायचा. तिथे कोण बसतं ते तिसऱ्या मजल्याला माहीत नव्हतं. पण एकदा वन्संनी शेऱ्यात शिट्टी लिहिली आणि आठवड्याभराने आमच्या विमानांनी पलीकडचं एक रेल्वे जंक्शन उडवलं. तेव्हापासून त्या शिट्टी लिहिताना पेन जरा हळू चालवत, असं त्यांनीच मला सांगितलं. हे घरी सांगायची बंदी होती. पण घर म्हणजे काही बाहेर नव्हे, असं त्या धरून चालल्या होत्या. आणि मीही.

माझे यजमान दोन गल्ल्या पलीकडे वर्तमानपत्रात उपसंपादक होते. पहिल्या पानावर रोज 'आमच्या सीमेवरील खास बातमीदाराकडून' अशी बातमी यायची. तो खास बातमीदार म्हणजे हेच. युद्धभर यांच्या बुटांना चिखल लागला तो फक्त बसस्टॉपवरचा. रोज दुपारी चारला माहिती खात्यातला एक माणूस पाकीट घेऊन यायचा. त्याला सगळे पाकीटवाले म्हणत. पाकिटात काय काय असायचं! थोडं हेरांनी आणलेलं, थोडं वन्संच्या मजल्यावरचं, आणि उरलेलं पाकीटवाल्यांच्या स्वतःच्या डोक्यातलं. एकदा यांनी विचारलं, "यातलं खरं किती?" तर ते म्हणाले, "साहेब, आम्ही पीठ देतो. कोंडा कुठला ते दळणाऱ्याला विचारा."

पलीकडच्या स्टेशनवर सकाळच्या साडेसातच्या बातम्या एक बाई वाचायची. तिचं नाव कधी सांगत नसत. तिसऱ्या मजल्यावर सगळ्या तिला साडेसातची बाई म्हणत. वन्सं दीड वर्ष रोज अर्धा तास तिचा आवाज कानात घेऊन बसल्या. हळूहळू ती आमच्या घरचीच झाली.

"आज तिला सर्दी आहे," वन्सं जेवताना सांगत. "आणि पुढचा दात पडलाय किंवा नवा बसवलाय. स सुटतोय."

"ताई, एकदा जेवायला बोलाव तिला," हे म्हणायचे.

"शत्रूला जेवायला बोलवायचं तर आधी तुझ्या बायकोला स्वयंपाक शिकव."

"वन्सं, चार वर्षं जेवताय की माझ्या हातचं!"

"म्हणून तर सांगतेय. शत्रू झाला तरी माणूसच ना तो."

असं चालायचं. मग ११ जानेवारी आला. युद्धाचा दुसरा हिवाळा.

त्या दिवशी वन्सं दोनला घरी आल्या. मी वाटाणे सोलत होते. त्या चपला न काढताच माझ्या समोर बसल्या आणि सोलायला लागल्या. बराच वेळ नुसते दाणे परातीत पडत होते.

"वहिनी, आज यादी होती," त्या म्हणाल्या. यादी म्हणजे पलीकडच्या बेपत्ता आणि मेलेल्या सैनिकांची. "एकशे बारा नावं. ती नेहमीसारखी वाचत होती, एका चालीत, मोजून टाके घातल्यासारखी. एकाहत्तराव्या नावानंतर थांबली."

"म्हणजे?"

"थांबली. श्वासही नाही. चार सेकंद. मी घड्याळ बघत होते. मग बहात्तरावं वाचलं, त्याच चालीत. शेवटपर्यंत."

"कोण असेल तो?"

"मला काय माहीत? भाऊ असेल, नवरा असेल. त्या स्टेशनवर तिचं आडनाव कधी सांगत नाहीत, नाहीतर कळलं असतं." त्यांनी एक शेंग उगाच दोनदा दाबली. "मी शेरा रिकामा ठेवला, वहिनी. नोकरीत पहिल्यांदा."

"का हो?"

"ते तिचं होतं."

त्या संध्याकाळी मी डायरीत लिहिलं: 'वाटाणे दोन किलो. वन्सं म्हणाल्या, साडेसातची बाई यादीतल्या ७१ व्या नावानंतर चार सेकंद थांबली. शेरा लिहिला नाही.' घडलं ते लिहिलं. सिस्टरना आवडलं असतं.

यांना एक सवय होती. सकाळी चहा घेताना माझी डायरी चाळायचे. तारखा तपासायला. "आमच्या लायब्ररीपेक्षा तुझी डायरी बरी," म्हणायचे, आणि मला बरं वाटायचं. १२ तारखेला मी ओट्याशी, यांच्याकडे पाठ करून उभी होते. मागून आवाज आला.

"हे खरं का गं? चार सेकंद?"

"वन्सं खोटं कशाला बोलतील?" मी म्हटलं.

वर्तमानपत्राला एकाच्या सांगण्यावर बातमी चालत नाही, दुसरा साक्षीदार लागतो. तो मी झाले. चहा गाळता गाळता.

१३ तारखेच्या पेपरात पहिल्या पानावर: 'आमच्या सीमेवरील खास बातमीदाराकडून. शत्रूच्या निवेदिकेला रडू कोसळले. मृतांची यादी वाचवेना.' चार सेकंदांचा हुंदका झाला होता. दुपारी पाकीटवाले स्वतः यांचं अभिनंदन करून गेले. दुसऱ्या दिवशी आमच्या रेडिओने ते पलीकडच्या भाषेत तीन वेळा सांगितलं. १५ तारखेला विमानांनी पत्रकं टाकली. त्यावर रुमालात तोंड खुपसलेल्या बाईचं चित्र. चेहरा कोणाचा, तर आमच्या चित्रकाराच्या मेव्हणीचा. साडेसातच्या बाईला कोणी पाहिलं होतं!

१७ तारखेला साडेसातला पुरुषाचा आवाज आला. १८ ला पण. नंतर नेहमीच.

वन्संनी घरी येऊन एवढंच सांगितलं आणि खोलीचं दार लावून घेतलं.

चौथ्या मजल्याला मात्र दुसरीच काळजी होती. शेरा रिकामा, मग पेपरला कळलं कसं? चौकशी झाली. त्या सकाळी त्या रेडिओवर हेडफोनचे दोनच जोड होते, एक वन्संचा आणि एक टाइपवालीचा. टाइपवाली म्हणजे वन्संची ऑफिसातली एकुलती एक मैत्रीण. दोघी एकाच डब्यातून जेवत. वन्संना विचारलं, तुम्ही कुणाला सांगितलंत? त्या म्हणाल्या, कुणालाही नाही. छातीवर हात ठेवून म्हणाल्या, आणि त्यांना ते अगदी खरं वाटत होतं. टाइपवालीला विचारलं, तर ती नुसती रडली. दुसऱ्या दिवशी तिला काढून टाकलं. कागदावर लिहिलं, 'गोपनीय माहिती बाहेर पोचवल्याचा संशय.' तेवढं लिहिलेलं असलं की त्या काळी दुसरीकडे कुठे दारात उभं करत नसत.

"तीच," वन्सं घरी येऊन म्हणाल्या. "दुसरं कोण ऐकत होतं? दीड वर्ष माझ्या डब्यातलं खाल्लं हिनं, आणि एका बाईचा जीव पाकीटवाल्यांना विकला."

मी इस्त्री करत होते. मान वर केली नाही. त्या रात्रीची माझी नोंद अशी आहे: 'वन्संना संताप. शर्ट पाच, उशांचे अभ्रे चार.' मला माहीत होतं ते मी लिहिलं नाही. सिस्टरनी सांगितलेला नियम मी मोडला तो एवढ्याच एका ठिकाणी.

यांना म्हटलं, "अहो, वन्संना सांगून टाका."

"सांगितलं तर ताई सरळ चौथ्या मजल्यावर जाईल. तिचा स्वभाव माहीत नाही का तुला? नोकरी जाईल, तुरुंगसुद्धा होईल."

"आणि ती टाइपवाली?"

"तिला मिळेल काहीतरी." मग जरा वेळाने, "आणि पेपरातल्या एका बातमीवर कोणी माणसं काढतं का? आम्ही रोज शंभर थापा छापतो."

त्या शंभरांत ही एकच खरी होती, हा घोटाळा होता.

तह झाल्यावर वार्ताहरांना पलीकडे जायची परवानगी मिळाली. हे पहिल्यांदा खरोखर सरहद्दीपार गेले. तिथल्या रेडिओ स्टेशनात जाऊन दुभाष्याकरवी विचारलं, साडेसातच्या बातम्या वाचणारी बाई कुठे असते? एकाने सांगितलं, इथे सकाळी नेहमी पुरुषच वाचतात. दुसऱ्यानेही तेच सांगितलं. दाराशी बसलेल्या म्हातारीला विचारलं तर ती उठून आत निघून गेली. परत आल्यावर हे महिनाभर धड जेवले नाहीत. मग पेपर सोडला आणि बागकामाच्या मासिकात गेले. शेवटपर्यंत खतं आणि कलमं यांवरच लिहिलं. अकरा वर्षांपूर्वी गेले. जाताना वन्सं उशाशी होत्या. हे त्यांचा हात धरून बराच वेळ काहीतरी सांगायच्या बेतात होते. सांगितलं नाही.

आणि वन्सं? ऑफिस बंद झालं, त्यांना पेन्शन बसली, पण साडेसात चुकले नाहीत. रेडिओ लावायच्या नाहीत. नुसता तळवा कानावर. सुरुवातीला मला वाटलं, सवय असेल. एकदा मी धीर करून विचारलं, "वन्सं, काय ऐकू येतं?"

"काही नाही," त्या म्हणाल्या. "थांबली आहे अजून."

हे ऐकल्यावर मी त्या खोलीत साडेसात ते आठ जायचं टाळायला लागले. खोटं कशाला सांगू, तिथे उभं राहिलं की मीही मोजायला लागायची. एक, दोन, तीन, चार. आणि चारनंतर पुढचं नाव येत नसे.

सोमवारी ते पत्र आलं. मंगळवारी आठ वाजता वन्संचा तळवा खाली आला तशी मी पेटीतून जुनी डायरी काढून त्यांच्यासमोर बसले.

"वन्सं, एक वाचून दाखवायचंय."

"पेपर नको."

"पेपर नाही. माझी डायरी."

"तुझ्या डायरीत दुधाशिवाय काय असतं?"

मी ११ जानेवारी वाचला. वाटाण्यांसकट. मग डायरी मिटली आणि बाकीचं तोंडी सांगितलं. यांचा चहा. त्यांचा प्रश्न. माझं उत्तर. इस्त्री.

वन्सं खिडकीकडे बघत होत्या. मला वाटलं, ऐकू गेलं नाही. वय पंच्याऐंशी, उजवा कान मंद झालेला.

"भाऊनं विचारल्यावर उत्तर द्यायला तू किती वेळ घेतलास?" त्यांनी विचारलं.

"लगेच दिलं."

"लगेच," त्या म्हणाल्या, रकाना भरत असल्यासारख्या. "म्हणजे चौथ्या मजल्यावर मी खोटं बोलले."

"तुम्हाला कुठे माहीत होतं?"

"कुणाला सांगितलं, असं विचारलं होतं. तुला सांगितलं होतं. मी तुला मोजलंच नाही, वहिनी. मोजायला हवं होतं."

पन्नास वर्षांत त्या मला इतकं लागेल असं कधी बोलल्या नव्हत्या. पुढचे तीन दिवस 'पाणी', 'दिवा' आणि 'दार लोट' यांखेरीज एक शब्द नाही. मी ताटं वाढली, औषधं दिली. शुक्रवारी सकाळी म्हणाल्या, "गाडी सांग. आणि ती वही घे."

वृद्धाश्रम गावाबाहेर. लांब व्हरांडा, भिंतीला ओळीने खुर्च्या, ओळीने म्हाताऱ्या. टाइपवाली शेवटून तिसरी. शेजारी तिची भाची लोकर गुंडाळत बसलेली. मी वन्संना समोरच्या खुर्चीत बसवलं.

"कोण आहे?" टाइपवालीने विचारलं.

"टेबल नंबर तीन."

ती दचकलीसुद्धा नाही. "अजून आहेस का तू?"

"तू तरी कुठे गेलीस?"

"मला दिसत नाही गं. यमाच्या दारावरची पाटी वाचता येत नाही म्हणून अडकलेय."

दोघी हसल्या. मग वन्संनी सांगितलं. एका दमात, हातचं काही न राखता. घरी सांगितलं, भावानं छापलं, चौकशीत मी नाही म्हणाले, तुला काढलं, आणि इतकी वर्षं तुलाच शिव्या दिल्या.

टाइपवाली ऐकत होती. तिची बोटं मांडीवर हलत होती, टाइप केल्यासारखी.

"कसले चार सेकंद?" ती म्हणाली.

"यादीतले. एकाहत्तरनंतर."

"मी ऐकलेच नाहीत. माझी रिबन अडकली होती, ती सोडवत होते. हेडफोन गळ्यात. यादी चालू असताना हेडफोन काढला तर नोकरी जाते, हा नियम तुला आठवतो ना? मग मी काय सांगणार? ऐकलं म्हणाले तर मी फोडलं, नाही ऐकलं म्हणाले तर कामात कसूर. म्हणून रडले." मग थांबून, "मला तर वाटलं, ते तुझ्या भावानं रचलंय. सगळ्या ऑफिसला तेच वाटत होतं."

वन्संचा चेहरा एकदम उतरला. त्यांनी माझ्या हातातल्या वहीकडे पाहिलं. पलीकडच्या त्या बाईचं थांबणं आमच्या बाजूला आणखी कुणीच ऐकलं नव्हतं. ऑफिसातल्या टेप त्या काळी पुन्हा पुन्हा वापरत, त्या दिवशीची केव्हाच पुसली गेली असणार. उरली होती ती माझ्या वाटाण्यांखालची एक ओळ.

"माझं चुकलं," वन्सं म्हणाल्या. "मला माफ कर."

"मोठ्यानं म्हण."

"काय?"

"मोठ्यानं म्हण. ही भाची बसलीय, तिला ऐकू जाऊ दे. आमच्या घरात लहान पोरंसुद्धा मला काही सांगताना आधी एकमेकांकडे बघायची. मावशीच्या पोटात राहत नाही, म्हणायची. भाऊ मेला तो माझ्याशी न बोलता मेला. माफीबिफी तुझ्याकडेच ठेव. फक्त मोठ्यानं सांग, मी नव्हते ते."

वन्सं माझा हात धरून उठल्या. पंच्याऐंशी वर्षांचा गळा खाकरून साफ केला. "हिनं काही फोडलं नव्हतं. मी घरी सांगितलं होतं. दोष माझा." खुर्च्यांची सगळी ओळ वळून बघायला लागली. एकीने विचारलं, "जेवायला बोलावतायत का?" भाचीच्या हातातली लोकर थांबली.

मग वन्सं माझ्याकडे वळल्या. "वाच."

मी ११ जानेवारी वाचला. त्यापुढे जे डायरीत नव्हतं तेही सांगितलं, डोळे वहीवरच ठेवून, वाचत असल्यासारखं. माझा नवरा, माझं उत्तर, माझं गप्प राहणं. संपल्यावर वही मिटली.  टाइपवाली भाचीला म्हणाली, "ऐकलंस ना? तुझ्या आईला फोन कर. आत्ता कर."

परत येताना गाडीत वन्सं डोळे मिटून होत्या. पूल ओलांडल्यावर म्हणाल्या, "हिला सांगता तरी आलं. साडेसातच्या बाईला कुठे जाऊन सांगायचं?"

मी मांडीवरची वही पिशवीत घातली. 

शुक्रवार, १० ऑक्टोबर. दुपारपर्यंत ढगाळ. वन्संबरोबर वृद्धाश्रमात जाऊन आले. टाइपवाली भेटली. ११ जानेवारी मोठ्याने वाचला. टाइपवालीने बातमी फोडली नव्हती. ती मी यांच्यापर्यंत पोचवली, हे आज लिहिते आहे. वन्सं घरी आल्यावर माझ्याशी बोलल्या नाहीत, पण जेवल्या. सात ते साडेआठ वीज नव्हती. फ्रिजमधले दूध तापवून ठेवले.